बाईंचा वेढा

बाई स्टाफरूममध्ये बसून लोखंड कापायच्या पात्यानं स्वतःचा कंगवा कापत होत्या. मी या शाळेत येऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. कंगव्याचे दोन तुकडे झाले तसा त्यांनी एक सॅकमध्ये टाकला, दुसरा माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "हवाय?" मी मानेनंच नको म्हटलं. मग त्यांनी टूथब्रशची दांडी कापली, चमच्याची कापली, आणि बॅटरीला बांधलेली दोरी सोडून केराच्या टोपलीत टाकली. आमचे शिपाईमामा घंटेची हातोडी घेऊन दारात उभे होते. ते मला म्हणाले, "मॅडम, तुमी डबा खावा. त्यांचं आसंच चालू आसतंय."

हे सगळं कापलेलं सामान घेऊन बाई संध्याकाळी किराणा दुकानात जायच्या आणि काट्यावर ठेवायच्या. दुकानदारही गिऱ्हाइकाची साखर बाजूला सारून आधी बाईंची सॅक तोलून द्यायचा. वजन मनासारखं उतरलं नाही की बाई तिथंच उभ्या राहून विचार करायच्या, आता आणखी काय कमी करता येईल. एका सोमवारी त्या कानापर्यंत केस कापून शाळेत आल्या. मुख्याध्यापक परिपाठात दोन ओळी विसरले. मी म्हटलं, "अहो, हे काय करून बसलात?" तर म्हणाल्या, "वेणीचं वजन कधी केलंय का तुम्ही? घामानं ओली झाली की आणखी वाढतं."

मी मराठी शिकवायला आले होते. बाई भूगोल शिकवायच्या. शाळा मार्गासनीच्या अलीकडं, वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून होती, आणि आमच्या दोघींच्या भाड्याच्या खोल्या शेजारी शेजारी. मधली भिंत एका विटेची. पहाटे त्यांच्या बुटांचा आवाज आला की मी कूस बदलायचे. मला चालणं आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. जिन्याला कठडा नसेल तर मी तो जिना चढत नाही. डोंगर लांबूनच छान दिसतात यावर माझा ठाम विश्वास होता, आणि त्या विश्वासाला धक्का लागेल असं काही मी कधी केलं नव्हतं.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, उंचीनं बेताच्या, अंगानं काटक. लग्न केलेलं नव्हतं. का, असं विचारलं की "राहून गेलं" म्हणायच्या, जणू एखादी एसटी चुकली असावी. वर्गात समोच्च रेषा शिकवायच्या असल्या की घरून मोठा बटाटा आणायच्या, त्याच्या आडव्या चकत्या करून फळ्याशेजारी मांडायच्या, एकावर एक रचून डोंगर करून दाखवायच्या आणि तास संपला की चकत्या गोळा करून भाजीला घेऊन जायच्या. डाव्या गुडघ्याला त्या 'साहेब' म्हणायच्या, कारण तो काम कमी आणि तक्रार जास्त करायचा. "साहेबांचं आज काय म्हणणं आहे?" असं स्वतःशीच विचारत त्या सकाळी पायऱ्या उतरताना मी ऐकलं आहे. उत्तर आलं नाही की धावायला लागायच्या. वेडेपणाच म्हणायचा, पण त्या वेड्या पळण्याला एक शिस्त होती, आणि ती बघताना माझ्यासारखी आळशी बाईसुद्धा चहाचा कप हातात धरून खिडकीशी उभी राहायची.

या पळण्याचा शेवट कशात व्हायचा आहे, ते मला एका शनिवारी कळलं. व्हरांड्यात उभ्या राहून त्यांनी मला सांगितलं.

"आपल्या भोवती पाच गड आहेत. रोहिडा, केंजळगड, रायरेश्वर, राजगड, तोरणा. लोक सुट्टी काढून एकेक करतात. मला पाचांना एका दमात वेढा घालायचाय. शनिवारची सकाळची शाळा सुटली की निघायचं आणि रविवारचा सूर्य मावळायच्या आत शाळेच्या फाटकाला हात लावायचा."

त्यांनी हवेत बोटानं वाट काढून दाखवली. कामथडीवरून भोर, भोरहून रोहिडा, मग केंजळगड, रायरेश्वर. तिथून उतरून धरणाच्या पाण्याला वळसा घालून हिर्डोशी. हिर्डोशीच्या डोक्यावरची धार ओलांडून राजगड, राजगडाच्या सोंडेवरून तोरणा, तोरण्यावरून खाली वेल्हं, आणि मग डांबरी रस्त्यानं शाळा. बोट फिरून जिथून निघालं तिथं परत आलं. मला नुसतं ऐकून तहान लागली.

"हे खूळ आलं कुठून?"

"वेल्स म्हणून एक देश आहे. तिथले लोक असं करतात, एका जुन्या मासिकात वाचलं होतं. डोंगरांची माळ धरायची, रात्रंदिवस पळायचं आणि निघालो तिथं परत यायचं. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. पाऊस, धुकं आणि मेंढरं. म्हणजे आपल्यासारखंच."

"पण कशासाठी?"

हा प्रश्न त्यांना सगळेच विचारत, आणि त्या प्रत्येकाला वेगळं उत्तर देत. मुख्याध्यापकांना त्यांनी वजन कमी करायला असं सांगितलं होतं. काट्यावर उभ्या राहिल्या तर काटा लाजेल अशी त्यांची अंगकाठी. मामांना म्हणाल्या, डोंगर जागेवर आहेत का बघून येते. मला त्यांनी उलट विचारलं, "तुम्ही कविता का शिकवता?"

"पगार मिळतो म्हणून."

"मग तुम्हाला सांगून उपयोग नाही," असं म्हणून त्या तासाला निघून गेल्या.

त्यांचे नियम मात्र सगळ्यांना सारखे सांगितलेले होते. गाडीत बसायचं नाही. कुणाचा हात धरायचा नाही. आपलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचं नाही. पाणी तेवढं कुणाकडूनही घ्यायचं.

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी कुणाला न सांगता प्रयत्न केला आणि फसला. हिर्डोशीच्या वर धुक्यात चुकीच्या सोंडेला लागल्या, खाली उतरून बघतात तर भलतंच खोरं. रविवारी संध्याकाळी नाचणीच्या पोत्यांवर बसून टेम्पोनं परत आल्या. दोन्ही हातांवर कारवीचे ओरखडे. मी हळद लावून देऊ का विचारलं तर म्हणाल्या, "चूक कुठं झाली ते कळलं. काम झालं." सोमवारी पहिल्या तासाला त्या फळ्यापाशी उभ्या होत्या.

मला वाटलं, आता दरवर्षी हिवाळ्यात हा सोहळा व्हायचा आणि आपण दरवर्षी हळद घेऊन बसायचं. पण त्या पावसाळ्यात मला काहीतरी वेगळं दिसायला लागलं. बाई बाकांना अडखळायला लागल्या. शेजारून कुणी बोललं की त्या सबंध मान वळवून बघायच्या. एकदा माझ्या हातातला चहाचा कप त्यांच्या कोपराला लागून सांडला आणि मी वैतागले. "दिसत नाही का हो बाई?"

"नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी दोन मुठींच्या नळ्या केल्या आणि माझ्या डोळ्यांपुढं धरल्या. "बघा यातून. समोरचं स्पष्ट आहे ना? कडेचं गेलं ना? मला असं होत चाललंय. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही. औषधाचे थेंब घालायचे, उरलंय ते टिकवायचं." पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना तीन वेळा सांगितलं होतं की अंधारात खडकाळ वाटेवर जाऊ नका. बाईंनी त्यांना विचारलं होतं, या हिवाळ्यात की पुढच्या? डॉक्टर म्हणाले, पुढच्या हिवाळ्यात तर प्रश्नच येणार नाही.

"म्हणजे या हिवाळ्यात येतो," बाई मला म्हणाल्या. "एकदाच. यंदा झालं तर झालं, नाहीतर मग नाहीच."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. त्यांनी माझ्या पदरावरचा चहा रुमालानं टिपला आणि घंटा झाली म्हणून गेल्या. पुरुषभर उंचीच्या गवतातून, कड्याच्या कडेनं, अशा डोळ्यांनी ही बाई एकटी रात्र काढणार, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही. आणि तिला अडवायची हिंमतही होत नव्हती.

यंदा त्यांनी तयारी नीट केली. दर रविवारी एकेका वाडीत जाऊन, आपण अमुक शनिवारी रात्री इथून जाणार आहोत, दाराबाहेर पाण्याचा हंडा भरून ठेवा, एवढं सांगून यायच्या. एका रविवारी हिर्डोशीला मीही गेले, एसटीनं. तिथल्या धनगरवाड्यातलं पहिलं घर सुदैवानं रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. ओट्यावर एक म्हातारी पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. बाईंनी आपलं म्हणणं सांगितलं.

"रातच्याला हितनं जानार? येकल्याच?"

"एकटीच. तुम्हाला उठवणार नाही आजी. हंडा तेवढा बाहेर ठेवा."

"ठिवीन की. पर पळायचं कशापायी?"

"असंच."

म्हातारी माझ्याकडं बघून हसली. "आसंच कुनी पळतंय व्हय! नवास बोलला आसनार."

"नवस नाही हो. माझा देवावर विश्वास नाही."

"बराबर हाय. सांगू न्हाई कुनाला. सांगितलं की त्याचं फळ जातं." म्हातारीनं तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि आवाज खाली आणला. "म्या दर साली तोरन्यावर मेंगाईला नारळ घिऊन जायाची. आता गुडघं ऱ्हायलं न्हाईत. दोन सालं झाली, देवीचा नारळ तसाच ऱ्हायलाय. तुमी वरनंच जानार, तर तेवढा नेवा. हंड्यापाशी ठिवते."

मी बाईंकडं बघितलं. कंगवा कापणारी, वेणी कापणारी बाई. देवळापुढून जाताना हातसुद्धा न जोडणारी. त्या म्हणाल्या, "सोललेला ठेवा. शेंडी राहू द्या, पण बाकी सोला."

परतीच्या एसटीत मी त्यांना छेडलं. "अर्धा किलो तरी भरेल हं तो नारळ. कंगवा वाया गेला."

"त्या गुडघ्यांनी खालच्या झऱ्यावरनं माझ्यासाठी हंडा आणणार," बाई म्हणाल्या. "मग माझ्या तोंडातून 'नाही' कसं निघेल?"

एका म्हातारीला कबूल केलं, पण बातमी सगळ्या खोऱ्याला लागली. बाई नवसाच्या फेरीला निघाल्यात, कुणासाठी ते सांगत नाहीत, म्हणजे नवस खरा. आणि नवसाच्या माणसाच्या हाती देवाचा नारळ द्यायची संधी कोण सोडतं? ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांच्या घरात आजारपण आहे, ज्यांना गाई-म्हशी सोडून निघता येत नाही, अशा सगळ्यांनी आपापल्या देवाचा नारळ हंड्यापाशी ठेवायचं ठरवलं. मामा रोज नवी बातमी आणायचे. "बाई, भोरच्या खालनं रोहिड्याच्या देवाला येक आलाय." "बाई, रायरेश्वराला दोन." बाई कपाळाला हात लावायच्या, आणि कुणालाही निरोप पाठवून नको म्हणायच्या नाहीत. दुकानदाराच्या काट्यावर जाणं मात्र त्यांनी बंद केलं.

तो शनिवार उजाडला. मुलं रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी होती. बाईंच्या अंगात विटका पंजाबी ड्रेस, डोक्यावर पुरुषी टोपी, पाठीवर ती छाटून छाटून बारीक केलेली सॅक. मुख्याध्यापकांनी चार शब्द बोलायचं ठरवलं होतं. "धाडस म्हणजे काय? धाडस म्हणजे," एवढं त्यांचं झालं आणि मामांनी घंटा दिली. बाई फाटकाबाहेर पडल्या. मुख्याध्यापकांचे चार शब्द पुढं बराच वेळ चालले, पण ऐकायला मी आणि मामाच होतो.

मामांचे पाहुणे गावोगाव. त्यांचा मोबाईल दिवसभर वाजत होता आणि प्रत्येक फोन झाला की ते माझ्या दाराशी येऊन बातमी सांगत. "कामथडीतनं गेल्या. च्या न्हाई घेतला, पानी घेतलं." "रोहिड्याला देवापुढं नारळ ठिवला आन लगीच उतारल्या." अंधार पडल्यावर एक फोन आला, रायरेश्वराच्या शिडीवर बॅटरी चढताना दिसली म्हणून. त्यानंतर काही नाही. त्या बाजूला रेंज नसते. मी देवापुढं दिवा लावला, जेवले, झोपले. सकाळी उठून आंघोळ केली, पोहे केले. पोह्यांवर खोबरं घालताना माझा हात थांबला. मी हे सगळं करत होते तेवढा सगळा वेळ ती बाई पळत होती. मी झोपले तेव्हा पळत होती, मी कूस बदलली तेव्हा पळत होती. अशा माणसाच्या शेजारी आपण एका विटेच्या भिंतीआड राहतो, याचं मला अप्रूप वाटलं आणि थोडी भीतीही वाटली. पोहे मला गेले नाहीत.

मामा धावत आले. "हिर्डोशीचा सांगावा आला! म्हातारीचा हंडा उपडा हाय आन नारळ न्हाई जाग्याला. बाई म्होरं गेल्या!"

दुपारी मी मिळेल त्या टेम्पोनं वेल्ह्याला गेले. तोरण्याची पायवाट गावात उतरते तिथं एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसून राहिले. उन्हं कलायला लागली होती. मोजकीच माणसं येत-जात होती, आणि वर मुक्कामाला निघालेली पुण्याची काही पोरं दोऱ्या-पिशव्या आवरत होती. तेवढ्यात बाई दिसल्या. एका बाजूला कलून, पण न थांबता, एकेक पाऊल हिशेबानं टाकत त्या उतरत होत्या. तोंडावर मिठाचे पांढरे ओघळ, ओठ फुटलेले, बाही कोपरापर्यंत फाटलेली. त्या माझ्या अगदी जवळून पुढं गेल्या. मी डाव्या हाताला होते, त्यांना दिसलेच नाही.

"बाई!"

त्यांनी सबंध अंग वळवून मला शोधलं. "तुम्ही? बरं झालं. वेळ आहे अजून. डांबरीवर कोरडे मोजे हवेत, नाहीतर पाय सोलतील." त्या ओट्यावर टेकल्या. आता फक्त सपाट रस्ता उरला होता. सूर्य डोंगराच्या बराच वर होता. झालंच म्हणायचं. मला उड्या माराव्याशा वाटत होत्या, पण त्या मानानं माझं शरीर समजूतदार आहे.

बाईंनी मोज्यांसाठी सॅकच्या तळाशी हात घातला आणि तो तसाच राहिला. त्यांनी हात सावकाश बाहेर काढला. हातात मोज्यांचं गाठोडं होतं, आणि मोज्यांच्या आत नारळ.

"पाठीला टोचू नये म्हणून गुंडाळून तळाशी ठेवला," त्या म्हणाल्या. "वर मेंगाईपुढं वरचे दोन काढून ठेवले. हा राहिला. आजींचा."

मी काही बोलायच्या आत त्यांनी ओले मोजे तसेच वर ओढले, बूट बांधले आणि उठून गडाकडं तोंड केलं.

"कुठं निघालात?"

"वर."

"वर गेलात तर खाली यायला अंधार होईल. फाटक राहिलं मग. पुढच्या वर्षी—" पुढचं मला बोलवेना.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. "मी घेऊन जाते म्हणाले होते. त्यांनी हंडा भरून ठेवला होता. काठोकाठ."

मी त्यांच्या वाटेत उभी राहिले. माझ्या आयुष्यात मी कुणाच्या वाटेत उभी राहिले ती तेवढीच. "त्या पोरांच्या हाती द्या. ती चालली आहेत वर."

"फोडून खातील."

"मग मला द्या."

बाईंनी मला वरून खालपर्यंत बघितलं. माझ्या साध्या चपला, माझी साडी, माझा एकूण घेर. "माझं ओझं दुसऱ्यानं न्यायचं नाही. नियम आहे."

"हे तुमचं ओझं नाही," मी म्हटलं. "म्हातारीचं आहे. तिला चढता येत नाही म्हणून तुमच्या हाती दिलं, तुम्हाला वेळ नाही म्हणून तुम्ही माझ्या हाती द्या. नारळ काय, हातोहातच जातो देवाला. आणि मी त्या दिवशी त्या ओट्यापाशी उभी होते. कुणाचा आहे ते मला माहीत आहे."

मला त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं, की घाम होता, देव जाणे. मग त्यांनी दोन्ही हातांनी नारळ माझ्या ओंजळीत ठेवला.

"गडाच्या बिनी दरवाजाच्या खाली खडकात लोखंडी कठडे लावलेत. ते धरून चढा. खाली बघू नका. दमलात तर थांबा, पण बसू नका, बसलात तर उठणार नाही." आणि एवढं सांगून त्या वळल्या आणि मार्गासनीच्या रस्त्याला पळायला लागल्या. एवढं सगळं झाल्यावर, अजून, पळायला लागल्या. मी बघतच राहिले.

मग मी तोरणा चढले. कशी चढले ते विचारू नका. त्या दुकानाच्या मालकिणीनं चपलांना सुतळी बांधून दिली. पदर खोचला, नारळ पदराच्या गाठीत बांधला. पुण्याची पोरं पुढून मागं बघायची, "काकू, येताय ना?" मी येत होते. दोन्ही हातांनी गवताच्या मुळ्या धरत, प्रत्येक वळणाला देवाचं नाव घेत, आणि मधूनच बाईंना शिव्या देत येत होते. कठडा दोन्ही हातांनी धरून स्वतःला वर ओढताना मला कळलं की ही बाई हे असे पाच करून आली होती, आणि सहाव्यांदा परत चढायला निघाली होती, एका म्हातारीच्या नारळासाठी. त्यानंतर मी शिव्या द्यायचं थांबवलं.

मेंगाईपुढं नारळ ठेवला. "हिर्डोशीच्या आजींचा आहे," एवढंच मोठ्यानं म्हटलं. आणखी काही मागायचं सुचलं नाही.

देवळाबाहेर आले तर सूर्य पश्चिमेच्या डोंगरांवर टेकायला आला होता. पोरांपैकी एकजण हात लांब करून दुसऱ्याला एकेक गड दाखवत होता. मी त्याच्या हातामागून बघत गेले आणि माझे पाय जागीच राहिले. बाई हवेत बोट फिरवून दाखवायच्या ते सगळं समोर होतं. इतकं मोठं असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायची तर मलाच मान वळवावी लागत होती. डोंगरामागं डोंगर, मध्ये धरणाच्या पाण्याची पट्टी, आणि पार पलीकडं, धुरकट झालेलं, जिथं ती रात्री एकटी होती. एवढं माणसाच्या पायांनी होतं? एका बाईच्या, पन्नाशीच्या, डोळे अधू झालेल्या बाईच्या पायांनी? मला हात जोडावेसे वाटले. देवळात जोडले होते त्याहून मनापासून जोडले.

मोबाईल वाजला. मामांचा नंबर.

"पोचलात का?" बाई.

"पोचले. ठेवला नारळ. तुम्ही?"

"फाटकाला टेकून उभी आहे. सूर्य अजून दिसतोय मला." मागं मामांची घंटा वाजत होती, थांबायचं नाव घेत नव्हती. मी वेड्यासारखी ओरडले. पोरं दचकून माझ्याकडं बघायला लागली. बाई मात्र शांत होत्या.

"ऐका," त्या म्हणाल्या. "मी सगळी वाट पायापुढचं तेवढं बघत आले. दुसरं काही बघता येतच नव्हतं. तुम्ही आता वर आहात. काय काय दिसतंय ते सांगा मला. घाई करू नका."

मी सांगायला लागले. "समोर राजगड आहे. बालेकिल्ल्याचं टोक लाल झालंय."

"पुढं?"

"त्याच्या मागं लांब रोहिडा. एकटाच उभा आहे."

"पुढं?"

"उजवीकडं केंजळगड. त्याला लागून रायरेश्वर, लांबच लांब, सपाट. आता तिथं सावली चढतेय. अलीकडं धरणाचं पाणी चमकतंय. मग हिर्डोशीची धार. खाली कुठंतरी धूर निघतोय, कुणीतरी चूल पेटवली असेल."

"पुढं?"

मी मागं वळले. "खाली वेल्हं. रस्ता. रस्ता दरीतून वळत मार्गासनीला गेलाय. शाळा दिसत नाही इथून. पण तिथं तुम्ही आहात."

पलीकडं मामांची घंटा थांबली होती. सूर्य गेला, आणि डोंगरांचे रंग एकेक करून उतरायला लागले.

"परत सांगा," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून."

रोहिडा आता दिसत नव्हता. रायरेश्वरही पुसत चालला होता. मी राजगडापासून सुरुवात केली.